फिरत्या चकतीवरची समान वाटणी

स्टीलच्या दोन ताटल्या घ्या. एकीत चमचाभर मध ओता, दुसरीत तेवढाच टोमॅटो सॉस आणि दोन्ही किंचित तिरप्या करा. मध लगेच उताराला लागतो. सावकाश, पण न थांबता. सॉस ढिम्म हलत नाही. ताटलीला हिसका दिला की मात्र एकदम घसरतो. मध हा न्यूटनी द्रव. तापमान तेच ठेवलं, तर जोर कमी लावा की जास्त, त्याची श्यानता, म्हणजेच घट्टपणा, बदलत नाही. सॉस, भिंतीचा रंग, आपलं रक्त, पॉलिमरची दाट द्रावणं ही अ-न्यूटनी. जोरात ओढलं की ती पातळ होतात, सोडलं की पुन्हा घट्ट.

चिप बनवताना हाच फरक कळीचा ठरतो. सिलिकॉनची आरशासारखी गुळगुळीत चकती, म्हणजे वेफर, 300 मिलिमीटर व्यासाची असते. तिच्यावर प्रकाशानं नक्षी उमटवण्याआधी फोटोरेझिस्टचा, म्हणजे प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पॉलिमरचा थर द्यावा लागतो. हा थर साधारण एक मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्शाइतका किंवा त्याहूनही पातळ. तो ब्रशनं देता येत नाही. वेफरच्या मधोमध काही मिलिलिटर द्रावण सोडतात आणि वेफर मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या आसपास गरगर फिरवतात. बहुतेक द्रावण कडेवरून उडून जातं. शेवटी वाळून उरलेल्या थराचं आकारमान भरतं जेमतेम 0.07 मिलिलिटर!

एवढासा ऐवज सगळीकडे सारखा कसा बसतो? एम्स्ली, बॉनर आणि पेक यांनी 1958 मध्ये याचं गणित मांडलं. न्यूटनी द्रवाचा थर जिथं जाड, तिथं तो भराभर ओसरतो. जिथं पातळ, तिथं रेंगाळतो. त्यामुळे सुरुवातीचे उंचवटे आपोआप मिटत जातात. दोनच वर्षांनी अॅक्रिव्होस, शाह आणि पीटरसन यांनी दाखवलं की, अ-न्यूटनी द्रव असा समजूतदार नसतो. चकतीच्या केंद्राजवळ बाहेर लोटणारा जोर अगदी कमी. तिथं द्रव घट्टच राहतो आणि मध्यभागी उंचवटा उरतो.

फोटोरेझिस्ट सुरुवातीला पातळ, जवळजवळ न्यूटनी असतो. त्यातलं द्रावक उडू लागलं की तो घट्ट होत जातो आणि अ-न्यूटनी वळणावर जातो. म्हणजे शर्यत लागते ती ओसरणं आणि वाळणं यांच्यात. एकीकडे लवकर आणि दुसरीकडे उशिरा वाळलं, तर सगळी मेहनत वाया.

इथं वारा मदतीला येतो. फिरती चकती पंख्यासारखी वरची हवा खाली ओढते आणि कडेनं बाहेर फेकते. थिओडोर फॉन कार्मान यांनी 1921 मध्ये या प्रवाहाचं गणित सोडवलं. त्यातून निघालेला निष्कर्ष मला आजही विलक्षण वाटतो: चकतीला बिलगलेल्या हवेच्या थराची जाडी केंद्रापासून कडेपर्यंत सारखीच असते. 1500 फेऱ्यांना ती दीड-दोन मिलिमीटर भरते. थर सारखा, म्हणून बाष्प वाहून नेण्याचा वेगही सगळीकडे सारखा. उष्णतेचंही तसंच. मात्र फेऱ्या 3000 केल्या, तर केंद्रापासून सुमारे 12 सेंटिमीटरपुढे हवा खवळते आणि ही समान वाटणी मोडते. म्हणून मोठे वेफर बेतानंच फिरवावे लागतात.

उष्णतेचा हिशेबही चुकवून चालत नाही. माठातलं पाणी झिरपून गार होतं, तसंच उडणारं द्रावक थराची उष्णता घेऊन जातं. पृष्ठभाग गारठतो, त्याचा ताण जागोजागी बदलतो आणि केंद्राकडून कडेकडे चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा उठू शकतात. त्यासाठी द्रावणाचं, वेफरचं आणि भोवतालच्या हवेचं तापमान काटेकोर सांभाळतात.

वेफर फिरताना नीट पाहिलं, तर साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग त्यावरून सरकत जातात. थर पातळ होईल तसतसा रंग पालटतो. मग एका क्षणी पालटायचा थांबतो. ओसरणं संपलं, वाळणं जिंकलं. केंद्रापासून कडेपर्यंत एकच रंग दिसला, की समजावं, वाटणी सारखी झाली.