डायनासोर हलवणारे हात

संपादकांनी ‘विज्ञानपटांतल्या स्पेशल इफेक्ट्सवर लिहा’ म्हटलं, तेव्हा डोळ्यांपुढे संगणकच आले. वाचत गेलो आणि अडकलो तो फिल टिपेट यांच्या एका धातूच्या सांगाड्यापाशी.

टिपेट यांचा जन्म १९५१चा. लहानपणी रे हॅरीहाउझेनचे बाहुल्यांचे राक्षस पडद्यावर पाहिले आणि बाहुल्या हलवायचा नाद लागला तो कायमचा. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मधली (१९८०) चार पायांची अजस्र यंत्रं त्यांनी चालवली. त्यासाठी खऱ्या हत्तीची चाल चित्रित करून अभ्यासली होती.

बाहुली पडद्यावर चालवायची म्हणजे सेकंदाला २४ चौकटी, प्रत्येक चौकटीसाठी बाहुली कणभर सरकवायची. पण चित्र टिपताना बाहुली स्थिर असते, त्यामुळे पडद्यावर चाल खडखडते. धावत्या बैलाचे पाय फोटोत पुसट येतात, तो पुसटपणा तिला नसतो. यावर उतारा निघाला ‘गो-मोशन’चा. बाहुलीला दांडे, दांड्यांना मोटारी, आणि कॅमेऱ्याचं शटर उघडं असतानाच संगणक तिला हलवणार. ‘ड्रॅगनस्लेअर’चा (१९८१) ड्रॅगन असा उडाला.

‘जुरासिक पार्क’चे डायनासोरही असेच धावायचे होते. तेवढ्यात दिग्दर्शक स्पीलबर्गना संगणकावर पळणारा टी-रेक्स दाखवला गेला. आपली जातच नामशेष झाली, असं टिपेट बोलून गेले. स्पीलबर्गनी तो धागा उचलून सिनेमातल्या संवादात घातला. मात्र टिपेटना सोडलं नाही. संगणकवाल्यांना जनावर कुठे ठाऊक होतं?

इथे तो सांगाडा येतो. टिपेट यांच्या स्टुडिओतल्या क्रेग हेज यांनी त्याच्या सांध्यासांध्यात सेन्सर बसवले. कलाकार जुन्या सवयीने त्याची मान वळवणार, गुडघा दुमडणार आणि पडद्यावरचा डायनासोर तीच ढब घेणार. स्वयंपाकघरातल्या रॅप्टरच्या प्रसंगात हा सांगाडा वापरला गेला. त्याच प्रसंगाच्या बाहुल्यांवरच्या चाचणीत रॅप्टर सापासारखी जीभ बाहेर काढत होते. जीवाश्मतज्ज्ञ जॅक हॉर्नर यांनी हरकत घेतली, आणि जीभ गेली. मला हा तपशील फार आवडतो. खोट्या प्राण्याबद्दल इतकी खरी काळजी! ‘जुरासिक पार्क’च्या इफेक्ट्सना मिळालेल्या १९९४च्या ऑस्करमध्ये टिपेट यांचा वाटा होता.

पण सांगाडा फार काळ टिकला नाही. ‘स्टारशिप ट्रूपर्स’मध्येही (१९९७) तो उपयोगी पडला, पण तोवर माउसवर शिकलेली पिढी तयार झाली होती. टिपेट यांचा स्वतःचा बाहुलीपट ‘मॅड गॉड’ ‘जुरासिक पार्क’नंतर अर्धवट पडला. पुढे तरुण स्वयंसेवकांनी जुन्या बाहुल्या पाहून त्यांना गळ घातली, शनिवार-रविवार राबले, आणि सुरुवातीपासून तीसेक वर्षांनी, २०२१मध्ये, तो पडद्यावर आला. त्या कामाने टिपेट यांची प्रकृती पार ढासळली, हेही सांगायला हवं.

आज मुंबई-पुण्यातली कितीतरी मराठी मुलं परदेशी सिनेमांच्या चौकटी साफ करत रात्री जागतात. सॉफ्टवेअर दर दोन वर्षांनी बदलणार. त्यांना एवढंच सांगेन, सुट्टीच्या दिवशी गोठ्यात जा, म्हैस बसताना आधी कोणता पाय दुमडते ते पाहा, आणि मातीत करून बघा.