प्रशिक्षणाला दान कशाला?



परदेशातील रेडिओ निवेदकांच्या प्रशिक्षणासाठी अर्पण मागितले की मंडळीत कुणीतरी विचारतेच, "शिकवायला एवढे पैसे? त्यापेक्षा यंत्र घेऊन द्या." मलाही पूर्वी तसेच वाटे. यंत्र डोळ्यांना दिसते.

फेबा रेडिओचे पाहा. ब्रिटनमधील विश्वासणाऱ्यांच्या दानावर उभ्या राहिलेल्या या संस्थेने १९७० मध्ये सेशेल्स बेटांवरून लघुलहरींवर प्रसारण सुरू केले. ते भारतातही ऐकू येई. २००३ मध्ये ते केंद्र बंद झाले. काम मात्र थांबले नाही. आता संस्था निरनिराळ्या देशांतील स्थानिक सहकाऱ्यांना साहाय्य आणि प्रशिक्षण देते.

माइक कसा धरावा हे दोन दिवसांत येते. पण आजारी बाळाच्या आईला प्रश्न विचारून स्वतः गप्प बसणे, तिचे बोलणे तिच्याच बोलीत ठेवणे, हे सावकाश अंगी येते. आणि जलसंजीवनीचे माप! एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. निवेदकाने चुकून मीठ वाढवून सांगितले तर बाळाच्या जिवावर बेतते.

तेव्हा प्रशिक्षणासाठी द्या, आणि हिशेबही जरूर विचारा: कोण शिकले, कोणत्या भाषेत, आज ते कुठे बोलत आहेत?