विश्लेषण : झरी जामणीत खोलीभाडे नेमके कुणाला परवडते?

पुण्या-मुंबईतले घरभाडे ऐकले की धडकी भरते. त्या मानाने झरी, पाटण किंवा मुकुटबनमधल्या खोलीचे भाडे किरकोळ वाटते. पण भाडे स्वस्त की महाग, हे नुसत्या रकमेवरून ठरत नाही. भाडे देणाऱ्याच्या हातात महिन्याला किती पैसे येतात, यावर ते ठरते. तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील या तालुक्यात हा हिशेब मांडला, तर एकच खोली एकाला फुकटात आणि दुसऱ्याला न परवडणारी ठरू शकते.

भाडे ‘परवडते’ म्हणजे काय?

जगभर एक ढोबळ निकष वापरला जातो. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंतची रक्कम घरावर खर्च होत असेल, तर ते घर परवडणारे समजतात. त्यापुढे गेल्यास किराणा, औषधपाणी, मुलांचे शिक्षण यांना कात्री लागते.

उदाहरणादाखल एका खोलीचे भाडे २,५०० रुपये धरू. २०२५-२६ साठी राज्यात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. या दराने महिन्यात २० दिवस काम मिळाले, तर मजुराच्या हाती ६,२४० रुपये येतात. भाड्यात त्यातले ४० टक्के जातात. काम १२ दिवसच मिळाले, तर कमाई ३,७४४ रुपयांवर येते आणि दोन-तृतीयांश पैसा घरमालकाला द्यावा लागतो. कमाई हंगामाप्रमाणे कमी-जास्त होते, भाडे मात्र दर महिन्याला तेवढेच असते.

खेड्यात भाडे वाढते कशामुळे?

गोवा किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर बाहेरून पैसा येतो तो पर्यटकांच्या खिशातून. चार दिवसांसाठी आलेला पाहुणा एका रात्रीचे जे भाडे मोजतो, त्याच्याशी स्थानिक भाडेकरू बरोबरी करू शकत नाही. झरी जामणीत समुद्र नाही आणि पर्यटकही नाहीत, पण बाहेरचा पैसा येण्याची वाट आहे. मुकुटबनला बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा सिमेंट कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला. त्याची वार्षिक क्षमता ३९ लाख टन आहे. शिवाय या परिसरात कोळसा खाणी आहेत.

कारखाना येतो तेव्हा अभियंते, कंत्राटदार, वाहनचालक आणि परराज्यांतले कामगारही येतात. चार-पाच जण मिळून एक खोली घेतात आणि भाडे वाटून देतात. मालकाला एका कुटुंबापेक्षा असे भाडेकरू फायद्याचे पडतात. गावात भाड्याने देण्याजोग्या खोल्या मुळातच मोजक्या असतात. मागणी वाढली की त्याचा भार आधीपासून राहणाऱ्या कुटुंबावर पडतो.

पगारदारांना घरभाडे भत्ता किती?

शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी यांना पगाराबरोबर घरभाडे भत्ता मिळतो. ग्रामीण भाग ‘झेड’ गटात येतो. सातव्या वेतन आयोगात या गटासाठी भत्ता मूळ वेतनाच्या ८ टक्के ठेवला होता. महागाई भत्ता २५ टक्क्यांवर गेल्यावर तो ९ टक्के आणि ५० टक्के झाल्यावर १० टक्के, अशी रचना आहे. मूळ वेतन ४० हजार असेल, तर १० टक्क्यांनी ४ हजार रुपये मिळतात. म्हणजे वरच्या उदाहरणातली खोली भत्त्यातच भागते आणि दीड हजार उरतात.

वाद आहे तो मुख्यालयी राहण्याचा. भत्ता घेणाऱ्याने नेमणुकीच्या गावी राहावे, अशी अपेक्षा असते. ९ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयात त्यासाठी ग्रामसभेच्या ठरावाची अट आली. २०२२ मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत हा विषय मांडल्यावर शिक्षक संघटना संतापल्या. गावात पाणी, शौचालय असलेली खोलीच मिळत नाही, हे कर्मचाऱ्यांचे म्हणणे. भत्ता गावाच्या नावावर आणि मुक्काम शहरात, ही गावकऱ्यांची तक्रार. दोन्हींच्या मुळाशी राहण्याजोग्या भाड्याच्या खोल्यांची टंचाई आहे.

घरकुल योजनेचा भाडेकरूला उपयोग होतो का?

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात. राज्याने २०२५ मध्ये त्यात ५० हजारांची भर घालण्याचा निर्णय घेतला. कोलाम समाजासाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’मध्ये घरासाठी २ लाखांची तरतूद आहे. झरी जामणीसारख्या कोलामबहुल तालुक्यासाठी ही मोठी बाब आहे.

पण घरकुल बांधायला आधी जागा लागते. जागा नसलेल्या पात्र लाभार्थ्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीसाठी १ लाखापर्यंत मदत मिळू शकते. दुसऱ्या गावाहून कामासाठी आलेल्या मजुराचे नाव मात्र इथल्या ग्रामपंचायतीच्या यादीत नसते. त्याला इथे घर बांधायचे नसते, दोन-तीन वर्षे राहायचे असते.

भाड्याच्या घरांसाठी सरकारी योजना नाही का?

आहे, पण ती शहरांसाठी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. झरी जामणीला नगरपंचायत आहे, त्यामुळे या चौकटीत मागणी करायला वाव आहे. मुकुटबनला ग्रामपंचायत आहे. म्हणजे कारखान्यामुळे जिथे भाडेकरू वाढतात, ते गाव नेमके योजनेबाहेर राहते. जमीन असलेल्याला घरकुल आणि पगारदाराला भत्ता मिळतो. रोजंदारीवरचा भाडेकरू या दोन्हींच्या मधोमध अडकतो.

भाडेकरूने काय करावे?

तोंडी व्यवहारावर राहू नये. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार ऑनलाइन नोंदवता येतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असते, परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ती रक्कमही त्यात मोजतात. २,५०० रुपये भाड्याच्या ११ महिन्यांच्या करारासाठी हे शुल्क शंभर रुपयांच्या आतबाहेर येते. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये, शहरी भागात १ हजार रुपये आहे. मध्यस्थ त्यापेक्षा जास्त मागत असेल, तर ती त्याची मजुरी, सरकारी शुल्क नव्हे.

करारात भाडे, अनामत, विजेचे बिल कुणी भरायचे आणि खोली सोडण्याची मुदत स्पष्ट लिहून घ्यावी. भाडे फोनवरून पाठवल्यास त्याची नोंद राहते, रोख दिल्यास पावती मागावी. भाडे कमी करण्याची ताकद या कागदांत नाही. पण महिन्याच्या मध्यात अचानक भाडे वाढवले किंवा अनामत अडकवून ठेवली, तर भाडेकरूच्या हाती दाखवायला काही तरी असते.