खोकल्याआधीचा क्षण

काही व्याधी अशा असतात, की त्यांची फिर्याद कोणत्याही दफ्तरात कधी दाखलच होत नाही. शिंक आली, खोकल्याची उबळ आली, भरलेली बादली उचलली अथवा नातवंडाला चटकन कडेवर घेतले, की लघवीचे चार थेंब निसटतात. आणि जिच्यावर हा प्रसंग येतो ती गृहिणी, दवाखान्याची पायरी चढण्याऐवजी, प्रवासाच्या दिवशी पाणी वर्ज्य करते, लग्नमंडपात दाराजवळची खुर्ची धरते, आणि ‘बाळंतपणे झाली, वय झाले, आता असे व्हायचेच’ अशी मनाची समजूत घालते. या सहनशीलतेचे कौतुक करण्याचा मोह मला होत नाही. कारण येथे हतबल झालेला असतो तो बहुधा एक स्नायू, आणि स्नायूला शिकवता येते.

जघनास्थीपासून माकडहाडापर्यंत झोळीसारखा पसरलेला हा स्नायुपट मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून तोलून धरतो. प्रसूतीत तो विलक्षण ताणला जातो. आपल्याकडे बाळंतिणीसाठी सव्वा महिना शेकशेगडी, तेलाचे मर्दन, डिंकाचे लाडू, पोटाला पट्टा असा चोख बंदोबस्त असतो. पण या झोळीची विचारपूस कोणी करीत नाही. फ्रान्समध्ये प्रसूतीनंतर तिच्या पुनर्शिक्षणाचा खर्च सार्वजनिक आरोग्यविमा उचलतो. आपल्या देशातले फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय १९५३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात निघाले, तरी या विद्येचा अंमल गुडघा, मान आणि कंबर यांपलीकडे चालतो, हे अद्याप पुष्कळांच्या गावीही नाही.

लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामावर निबंध प्रसिद्ध केला. आकुंचनाचा जोर काट्यावर दाखवणारे एक दाबमापक त्यांनी योजले होते, कारण दिसत नाही त्या स्नायूला दिलेला हुकूम पोहोचला की नाही, हे त्या स्त्रीला कळावे कसे? पुढे केगलांचे नाव व्यायामाला चिकटले आणि काटा विस्मरणात गेला. परिणाम असा, की ऐकीव माहितीवर व्यायाम करणाऱ्या कित्येक जणी श्वास कोंडतात, नितंब आवळतात, किंवा वर खेचण्याऐवजी शौचाला बसल्याप्रमाणे खाली जोर करतात. यातला शेवटचा प्रकार तर उलट अपायकारक. म्हणून प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ प्रथम, रुग्णेच्या संमतीने, हातमोजा घालून अंतर्गत तपासणी करते, आणि मगच बेत ठरवते: दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी निदान आठ आकुंचने, किमान तीन महिने. २०१८ सालच्या कॉक्रेन समीक्षेत खोकताना-शिंकताना लघवी निसटणाऱ्या स्त्रियांपैकी, असा व्यायाम केलेल्यांत शंभरी ५६ जणींनी पूर्ण बरे वाटल्याचे सांगितले. न केलेल्यांत अवघ्या ६ जणींनी.

मात्र आवळणे हा सरसकट उतारा नव्हे. काहींचा हा स्नायू मुळातच आखडलेला असतो; समागम वेदनामय होतो, ओटीपोट ठसठसते. तेथे संथ श्वसनाने स्नायू सैल सोडण्याचेच शिक्षण द्यावे लागते, आणि माझ्या मते हेच अधिक कठीण. ज्यांना लघवीचा तगादा सारखा लागतो त्यांना दोन खेपांमधले अंतर हळूहळू वाढवायला शिकवतात; पाणी तोडणे येथे चुकीचे, कारण दाट लघवी मूत्राशयाला अधिकच डिवचते. अंग बाहेर येण्याच्या सौम्य अवस्थेत व्यायामाने जडपणा उणावतो. पुढच्या अवस्थेत आधाराची रिंग किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार करावा लागतो. लघवीत रक्त दिसले तर मात्र आधी डॉक्टर, व्यायाम मागाहून.

या साऱ्या शिक्षणातली मला सर्वांत मोहक वाटलेली युक्ती अगदी लहान आहे. खोकला येणार अशी घशात चाहूल लागताच, तो येण्यापूर्वीच्या निमिषात, झोळी वर खेचून धरायची आणि मगच खोकायचे. पहिले काही दिवस खोकलाच आधी येतो आणि आठवण नंतर. मग सरावाने केव्हा तरी क्रम उलटतो. आणि एखाद्या सकाळी भरलेली बादली उचलून न्हाणीघरात नेऊन ठेवल्यावर तिच्या ध्यानात येते, की आज आपण झोळी खेचली ती न आठवताच.