आखाड तळला, पण हवेवर!

डोनटच्या मधलं भोक जातं कुठे, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? मला नव्हता पडला. २०१९ मध्ये ऑफिसने सहा महिन्यांसाठी टोरांटोला पाठवलं, तेव्हा उत्तर आपोआप मिळालं. ते डब्यात भरून मीटिंगला येतं! सोमवारी सकाळी कुणीतरी टिम हॉर्टन्सचा डबा टेबलाच्या मधोमध आणून ठेवायचं. आत लिंबाएवढे गोळे. नाव टिमबिट्स. एक तोंडात टाकायचा, स्क्रीनकडे बघून मान डोलवायची, की हात पुन्हा डब्यात!

कॅनडात हा प्रकार १९७६ पासून चालू आहे. अमेरिकेत डंकिनने त्याच्याही आधी ‘मंचकिन्स’ या नावाने असेच गोळे विकायला काढले होते. हिशोब साधा. रिंग कापताना मधून पिठाचा जो तुकडा निघतो तो वाया का घालवायचा? तोही तळा, साखरेत घोळवा आणि विका. म्हणून नाव ‘डोनट होल’. आपल्याकडे मॅड ओव्हर डोनट्स आलं, मग २०१२ मध्ये दिल्लीत डंकिन आलं, २०२२ मध्ये टिम हॉर्टन्सही आलं. त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे गोळे एव्हाना चाखले असतील.

मी मात्र पहिला टिमबिट खाल्ला आणि मनात म्हटलं, हे तर आपले गुलगुले!

आम्ही जळगावचे. आषाढ लागला की आमच्याकडे ‘आखाड तळतात’. बाहेर पाऊस, आत कढई. गोड कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून, बडीशेप घालून सोडलेले गुलगुले. आई तळायची आणि बाबा गॅसजवळ उभं राहून ‘झाला का, झाला का’ करायचे. पहिला गुलगुला त्यांचाच. जीभ भाजायची, तरी दरवर्षी तेच.

गेल्या दिवाळीच्या आधी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. दोन स्टेंट. घरी आल्यावर आईने कढई माळ्यावर टाकली ती टाकलीच. डॉक्टरांनी ‘तळलेलं कमी करा’ सांगितलं होतं, आईने त्याचं ‘बंद’ केलं. बाबा काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं मला. ज्या माणसाने आयुष्यभर भाजीत मीठ जरा कमी पडलं तरी सांगितलं, तो माणूस फुलके आणि दुधी मुकाट खायला लागला.

यंदा आषाढात ते फॉलोअपसाठी पुण्यात माझ्याकडे आले. एका संध्याकाळी खिडकीशी उभं राहून खालच्या भज्यांच्या गाडीकडे बघत होते. म्हणाले, “यंदा आखाड तळलाच नाही आपण.” बस्स, एवढंच. आणि पेपर उघडून बसले.

माझ्याकडे एअर फ्रायर होता. ऑफिसच्या दिवाळी व्हाउचर्समधून घेतलेला, चार लिटरचा. त्यात आजवर फ्रोझन फ्राइज आणि पापड यापलीकडे काही गेलं नव्हतं. म्हटलं, आता हाच आखाड तळणार! आईला फोन करून गुलगुल्यांचं प्रमाण घेतलं, कारण मात्र सांगितलं नाही. सैलसर पीठ भिजवलं, बास्केटमध्ये चमच्याने गोळे सोडले आणि बटण दाबलं.

पाच मिनिटांनी उघडलं तर गोळे गायब! सगळं पीठ जाळीतून खाली ठिबकून तळाशी त्याचा एक चामट पोळा झाला होता. तो खरवडायला पाऊण तास गेला. बाबांनी आतून विचारलं, “काही जळतंय का गं?”

मग मी शांतपणे बसून या यंत्राचा विचार केला. तो आधीच करायला हवा होता. नावात ‘फ्रायर’ असलं तरी हे यंत्र तळत नाही. वर तापलेली कॉइल, तिच्यावर जोरात फिरणारा पंखा आणि खाली जाळीची बास्केट. म्हणजे हा छोटासा, घाईतला ओव्हनच की! फ्रेड व्हॅन डर वाय या डच माणसाला कमी तेलात चांगले फ्राइज हवे होते, त्यातून हे डोकं चाललं आणि २०१० मध्ये फिलिप्सने ते बाजारात आणलं. फ्राइजसाठी ठीक आहे, कारण बटाट्याच्या कापाला स्वतःचा आकार असतो. गुलगुल्याच्या पिठाला आकार देतं ते तेल! गरम तेल चहूबाजूंनी धरतं आणि क्षणात वरचं कवच घट्ट होतं. हवा कितीही तापली तरी तेलाइतक्या झपाट्याने उष्णता देत नाही. कवच धरेपर्यंत पीठ जाळीतून पसार.

तेव्हा पहिला नियम लिहून ठेवा. एअर फ्रायरमध्ये भज्याचं पीठ नाही, पावाचं पीठ. हाताने गोळा वळता येईल असं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून येताना यीस्ट घेतलं. (घाईत असाल तर शॉर्टकट आहे. सव्वाशे ग्रॅम मैदा, तेवढाच चक्का, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, दोन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ. मळा, वळा, लावा. वीस मिनिटांत खेळ खलास. पण मी करून बघितलंय, ते डोनट कमी आणि गोड बिस्किटाचा गोळा जास्त लागतो. गरम असताना बरा, गार झाल्यावर देव तारी.)

यीस्टवाल्याचं प्रमाण असं : अडीचशे ग्रॅम मैदा, एकशे साठ मिली कोमट दूध, तीस ग्रॅम साखर, तीस ग्रॅम लोणी, एक छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, अर्धा छोटा चमचा मीठ. दूध बोटाला कोमट लागेल इतपतच. जास्त गरम असेल तर यीस्ट मरतं आणि मग कितीही वाट बघा, पीठ ढिम्म हलत नाही. यीस्टचं पाकीट उघडं असेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि तारीख बघा. निम्म्या लोकांची फजिती इथेच होते, असा माझा अंदाज आहे. लोणी शेवटी घालायचं आणि दहा मिनिटं जीव लावून मळायचं. आधी हाताला चिकटेल. घाबरून वरून मैदा टाकत बसू नका! मळता मळता ते आपोआप गुळगुळीत होतं. दिवसभराचा ऑफिसचा राग काढायला उत्तम जागा.

आता फुगवणं. पुण्यातल्या पावसाळी गारव्यात तासाभरात होत नाही, दीड तास धरा. मी बंद मायक्रोवेव्हमध्ये उकळत्या पाण्याचा कप ठेवते आणि शेजारी पिठाचं भांडं. आतली ऊब त्याला मानवते. पीठ दुप्पट झालं की हलकेच दाबून हवा काढायची आणि वीस-वीस ग्रॅमचे गोळे करायचे. तेवीस-चोवीस होतात. टपोऱ्या लिंबाएवढे ठेवा. मोठे केले तर बाहेरून लाल आणि आत कच्चे राहतात. वळताना पीठ खाली खेचत वरचा भाग ताणून घ्या, सांधा खाली. मग झाकून आणखी अर्धा तास. हा अर्धा तास वाचवायचा मोह मला दर वेळी होतो. वाचवला की गोळे आतून गच्च होतात, त्यामुळे आता गुपचूप सीरियलचा एक एपिसोड बघते.

फ्रायर एकशे पंचाहत्तरवर तीन मिनिटं रिकामा तापवायचा. एक सांगते, बटर पेपर वापरणार असाल तर तो रिकाम्या बास्केटमध्ये ठेवून तापवू नका. पंख्याच्या वाऱ्याने तो उडतो, वरच्या कॉइलला चिकटतो आणि पेटूही शकतो. पेपर गोळ्यांच्या वजनाखालीच. गोळ्यांवर ब्रशने लोण्याचा पातळ हात फिरवा, नाहीतर रंग येत नाही, नुसते पांढुरके दिसतात. एका वेळी आठच, मध्ये बोटभर अंतर. हवेला फिरायला वाट नसेल तर मग हे यंत्र घेतलंच कशाला? पाच ते सहा मिनिटं, चौथ्या मिनिटाला एकदा उलटायचे. प्रत्येक फ्रायरचा स्वभाव वेगळा, म्हणून पहिला घाणा पोटच्या पोरासारखा सांभाळा. तोडून बघा, आत ओलसर दोरे दिसले तर आणखी मिनिटभर.

आणि हो, प्लग! साधारण पंधराशे वॅटचं यंत्र साडेसहा अँपिअर ओढतं. भाड्याच्या जुन्या फ्लॅटमध्ये मोबाइल चार्जरच्या एक्स्टेन्शनवर ते लावू नका, गीझरचा असतो तसा मोठा पॉइंट शोधा. वीज म्हणाल तर तीन घाणे धरून अर्ध्या-पाऊण युनिटच्या आसपास.

बाहेर काढल्या काढल्या, गरम असतानाच, पुन्हा लोण्याचा हात आणि लगेच दालचिनी घातलेल्या साखरेत घोळवायचे. तळलेल्या डोनटच्या अंगावर तेल असतं म्हणून साखर चिकटते. इथे कोरडं अंग, त्यामुळे लोणी नसेल तर सगळी साखर ताटलीतच राहते.

‘हेल्दी’ हा शब्द मी मुद्दाम टाळतेय. हिशोबच सांगते. पिठात तीस ग्रॅम लोणी आणि वरून साधारण वीस, म्हणजे चोवीस गोळ्यांत पन्नास. एका गोळ्यात दोन ग्रॅमच्या आसपास. साखर तीनेक ग्रॅम. मैदा तर आहेच. हे पथ्याचं खाणं नव्हे, पण कढईतल्या इतकं तेलही नव्हे. बाबांच्या डॉक्टरांना फॉलोअपच्या वेळी खरा आकडा सांगून विचारलं. ते म्हणाले, कधीतरी दोन चालतील, वीस नाही. बाबांनी ‘चालतील’ एवढंच ऐकलं.

तर शनिवारी संध्याकाळी पाऊस पडत होता. बाबा ओट्याजवळ येऊन उभे राहिले. “झाला का?” मी पहिला त्यांच्या हातावर ठेवला. फुंकर घातली, अर्धा तोडला, आत बघितलं, खाल्ला. मी श्वास रोखून उभी. अप्रेझल मीटिंगलाही माझं इतकं होत नाही.

“पाव चांगला झालाय गं,” बाबा म्हणाले.

पाव! तीन तासांची मेहनत आणि पाव! मला हसू की रडू कळेना. पण खोटं काय होतं त्यात? तेलात फुललेल्या गोळ्याचा तो कुरकुरीत, जरासा तेलकट चटका हवेत येत नाही. येणारही नाही. कितीही जाहिराती बघा. मी एकीकडे पाव भाजत होते आणि दुसरीकडे त्याला गुलगुला म्हणवून घेत होते, ही माझीच गडबड. बाबांनी उरलेला अर्धा खाल्ला. मग दुसरा घेतला. मग म्हणाले, “यात बडीशेप घातलीस तर?”

रविवारी घातली. मैदा दीडशे, कणीक शंभर ग्रॅम. साखर आणि दूध दोन्ही गाळलं. पन्नास ग्रॅम गूळ एकशे चाळीस मिली कोमट पाण्यात विरघळवून गाळून घेतला. (गरम दुधात गूळ घातला तर दूध फाटू शकतं, म्हणून पाणी.) एक चमचा भरडलेली बडीशेप, वेलची. कणकेला पाणी जास्त लागतं, तेव्हा मळताना आणखी एक-दोन चमचे घालावं लागलं. फुगायलाही थोडा जास्त वेळ लागला. वरून साखर नाही, फक्त तुपाचा पुसटसा हात. रंग खमंग तपकिरी, वास थेट जळगावच्या स्वयंपाकघराचा. चव मात्र गुलगुल्याची नाही, टिमबिटची तर नाहीच. तिसरंच काहीतरी, आणि मला ते दोन्हींपेक्षा आवडलं. बाबांनी त्याला नाव दिलं नाही. ‘ते तुझे गोळे’ म्हणतात.

दोन खाऊन झाल्यावर त्यांनी स्वतः डबा मागितला आणि त्यात चार मोजून भरले. “तुझ्या आईला,” म्हणाले. सोमवारी सकाळी बसमध्ये बसले तेव्हा डबा मांडीवर होता.

रात्री आईचा फोन. आधी अर्धा तास माझ्यावर आरडाओरडा, त्यांना गोड का दिलंस, डॉक्टरांना कधी विचारलंस, मला का नाही सांगितलंस. मी ऐकून घेतलं. मग जराशी गप्प झाली.

“गार झाले होते गं. तव्यावर जरा गरम केले.”

“मग?”

“बडीशेप कमी पडलीय,” आई म्हणाली. “आणि ते यंत्र केवढ्याला मिळतं?”