म्हातारपणातला विसर: तपासणी आणि उपचार

वय वाढले की आठवायला वेळ लागतो. सत्तरीतल्या माणसाला ओळखीच्याचे नाव ऐनवेळी सुचत नाही, चष्मा शोधावा लागतो; पण नाव थोड्या वेळाने आठवते आणि रोजचे व्यवहार अडत नाहीत. काळजी करावी असा विसर वेगळा असतो. तोच प्रश्न अर्ध्या तासात चारदा विचारला जातो आणि आधी विचारल्याची जाणीवही नसते. आयुष्यभर चोख हिशेब ठेवणाऱ्याला पासबुकातल्या नोंदी उमगेनाशा होतात, रोजच्या वाटेवर चुकायला होते, आमटीत मीठ दोनदा पडते. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरात या खुणांकडे दुर्लक्ष होते आणि उपचाराचा मोलाचा काळ वाया जातो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. उरलेल्या बहुसंख्यांना तो नाही, हेही तितकेच महत्त्वाचे.

तपासणीची सुरुवात यंत्राने होत नाही, बोलण्याने होते. रुग्णाला स्वतःचा विसर बहुधा जाणवत नसल्याने सोबत राहणाऱ्या माणसाची माहिती निर्णायक ठरते: काय बदलले, कधीपासून, आणि किती वेगाने. चार दिवसांत माणूस बरळू लागला, रात्री उठून भलत्याच ठिकाणी जाऊ लागला, तर तो बहुधा स्मृतिभ्रंश नसतो. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तातले सोडियम घटणे, नव्याने सुरू झालेली गोळी अशी कारणे त्यामागे असतात आणि त्यावर तातडीने उपचार लागतात. पायरीपायरीने घसरण झाली असेल, तर मेंदूतल्या छोट्या-मोठ्या झटक्यांची शंका येते. वर्षानुवर्षे हळूहळू वाढत गेलेला विसर अल्झायमरकडे बोट दाखवतो. जोडीदार गेल्यानंतर मन आणि भूक दोन्ही गमावून बसलेल्या वृद्धाचा विसर नैराश्यातूनही आलेला असू शकतो.

चालू असलेली सगळी औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावीत. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेवरच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, लघवी धरून ठेवण्यासाठीची काही औषधे वृद्धांच्या मेंदूवर मळभ आणतात. ती बदलून कमी केल्यावर माणूस पुष्कळ सुधारल्याची उदाहरणे डॉक्टरांच्या नित्य पाहण्यात असतात. या गोळ्या घरच्या घरी एकदम बंद करणे मात्र धोक्याचे. रक्ततपासणीत थायरॉइड, बी-१२, साखर, सोडियम आणि मूत्रपिंडाचे काम पाहतात. कडक शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी असण्याचा संभव जास्त. सीटी किंवा एमआरआयमध्ये क्वचित अगदी बरी होण्यासारखी गोष्टही सापडते. किरकोळ वाटलेल्या पडझडीनंतर काही आठवड्यांनी कवटीच्या आत साचलेले रक्त, किंवा मेंदूतल्या पोकळ्यांत वाढलेले पाणी. दुसऱ्या प्रकारात पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा सुटलेला ताबा आणि विसर ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

स्मरणाच्या चाचण्यांबाबत आपल्याकडे विशेष जपायला हवे. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या ३० गुणांच्या चाचणीत वाक्य वाचून तसे करायचे असते, एक वाक्य लिहायचे असते, १०० मधून सात-सात वजा करत जायचे असते. शाळेची पायरी न चढलेली, पण सारे शेत आणि घर सांभाळणारी आजी त्यात नापास होणारच, आणि ते तिच्या बुद्धीचे मोजमाप नव्हे. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगढ परिसरात निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी तिचे हिंदी रूप घडवले गेले. लिहिण्याऐवजी घराविषयी काही सांगणे, शंभराऐवजी वीसमधून तीन-तीन वजा करणे असे बदल त्यात केले गेले. उलट, निवृत्त प्राध्यापक चांगले गुण मिळवूनही खालावलेले असू शकतात. तुलना करायची ती माणसाच्या स्वतःच्या पूर्वीच्या वकुबाशी. ऐकू न आल्यामुळे चुकलेले उत्तर विसरात मोजले जाऊ नये, यासाठी श्रवणयंत्र आणि चष्मा आधी लावून घ्यावा.

कारण सापडले तर उपचार त्याचाच. अल्झायमरमध्ये डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, गॅलंटामिन आणि पुढच्या टप्प्यांत मेमॅन्टिन ही औषधे वापरली जातात. त्यांनी आजार थांबत नाही. काहींना काही काळ आधार मिळतो. डोनेपेझिल साधारण ५ मिलिग्रॅमने सुरू करून चार ते सहा आठवड्यांनी वाढवतात. मळमळ, जुलाब, वजन घटणे, नाडी मंदावणे याकडे लक्ष ठेवावे लागते. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकानेमॅबने सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांत १८ महिन्यांत घसरणीचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला. परंतु मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याच्या धोक्यामुळे वारंवार एमआरआय करावे लागतात. स्मरणशक्तीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या टॉनिकांनी स्मृतिभ्रंश बरा होत असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. तो पैसा उच्च रक्तदाब आणि मधुमेहाच्या नियमित औषधांवर किंवा श्रवणयंत्रावर खर्च केलेला बरा.

रुग्ण चिडला, हात उगारू लागला, तर आधी दुखणे, बद्धकोष्ठ किंवा लघवीची जळजळ शोधावी. त्याला शांत करण्यासाठी दिली जाणारी मनोविकारांवरची काही औषधे वृद्ध स्मृतिभ्रंश रुग्णांत मृत्यूचा धोका वाढवतात. ती फार थोडी आणि थोडे दिवस द्यायची असतात. ‘सांगा बरं, मी कोण?’ ही आप्तांची परीक्षा बंद करावी. ‘आजोबा, मी मीना, तुमची नात’ असे आपणहून सांगितले की त्यांची घालमेल टळते. रोजचा ठरलेला क्रम, संध्याकाळी भरपूर उजेड, गॅसवर लक्ष आणि खिशात नाव-फोन लिहिलेली चिठ्ठी यांनी रुग्णाला मोठा आधार होतो. हे सारे बहुधा पत्नी किंवा सून एकटीच ओढत असते. तिची झोप आणि तिला मिळणारी सुटी हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. मदतीची माहिती हवी असल्यास ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ या क्रमांकावर आहे. बँकखात्यांची नामांकने, मृत्युपत्र आणि पुढच्या उपचारांबाबतची रुग्णाची इच्छा निदानानंतर लवकर, त्याला समजून सही करता येते आहे तोवर नोंदवून घ्यावी.