आंबणे, नासणे आणि गुरांचे आंबोण

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात खमिराचा दाखला आहे. एका बाईने तीन मापे पिठात खमीर घातले आणि सारे पीठ फुगून आले. हे वाचन झाले की 'खमीर' शब्द देवळात आपल्या कानावर पडतो, पण घरी आपण तो क्वचितच बोलतो. मुळात तो अरबी शब्द. आपल्या घरात पीठ 'आंबते' किंवा 'वर येते', आणि दुधाला 'विरजण' लागते. या 'आंबणे' शब्दाविषयी थोडे लिहावे असे आम्हाला वाटले, कारण त्याच्या अर्थाच्या घोळातून दरवर्षी सणासुदीला गुरे दगावतात.

आंबणे म्हणजे आंबट होणे, एवढे सर्वांना ठाऊक आहे. ते कशाने होते? फ्रान्समधील शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८५७ साली दाखवून दिले की दूध आंबते ते डोळ्यांना न दिसणाऱ्या सजीवांमुळे. दह्यातले जिवाणू दुधातली साखर खाऊन तिचे आम्ल करतात. गोव्याकडे सान्नांच्या पिठात माडाची सुर घालतात. तिच्यातले यीस्ट साखरेपासून थोडे मद्य आणि पुष्कळ वायू करते, म्हणून सान्ने जाळीदार होतात. काम करणारे निराळे आणि निपजणारे पदार्थही निराळे, पण आपण दोन्हीला आंबणेच म्हणतो.

नासणे मात्र वेगळे. तेच दूध, पण भलत्याच जिवाणूंनी आधी घर केले की दही न लागता दूध नासते. हा फरक आपल्या बायकांना नाकानेच कळतो. ख्रिस्तसभेनेही तो मानला आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ९२४ वा नियम सांगतो की मिस्साचा द्राक्षारस द्राक्षांपासून झालेला, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा. म्हणजे आंबून झालेला रस चालतो, पुढे त्याचा व्हिनेगर झाला तर चालत नाही.

दिवसभर भातलावणी करून आलेला माणूस 'अंग आंबून गेले' म्हणतो, तेही ओघाने आलेच. दमलेल्या स्नायूंत दह्यातलेच आम्ल तयार होते हे खरे, पण ते थोड्याच वेळात निघून जाते. दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याचा दोष त्याच्यावर घालू नये.

आता गोठ्याकडे वळू. पेंड, चुणी, कोंडा भिजवून गुरांपुढे ठेवतो ते 'आंबोण'. शब्दाचे आंबण्याशी नाते उघड दिसते. त्यामुळे काही घरांत अशी समजूत आहे की उरलेसुरले काहीही आंबोणात टाकले तरी गुराला पचते. याच्या उलट सांगणारेही भेटतात: शिळा, आंबलेला भात बाधतो, ताजा कितीही घाला. दोन्ही समजुती घातक आहेत.

गाय आपल्या पहिल्या मोठ्या पोटात, म्हणजे कोटीपोटात, चारा स्वतःच आंबवत असते. मोठ्या संकरित गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरहून अधिक माल मावतो. त्यात कोट्यवधी जिवाणू राहतात आणि पेंढ्यासारखा कठीण चारा ते सावकाश आंबवतात. त्या सावकाशपणावरच गाईचा जीव आहे. फेस्ताच्या किंवा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उरलेला भात टोपलीभर तिच्यापुढे ओतला, की शिजलेला मऊ भात पोटात झपाट्याने आंबतो. भात ताजा की शिळा हा प्रश्नच राहत नाही. आम्ल इतके वाढते की चारा पचवणारे जिवाणू मरतात, अंगातले पाणी पोटात ओढले जाते आणि आम्ल रक्तात शिरते. पोळ्या, पीठ, गूळ, धान्य यांचेही तेच. सवय नसलेल्या जनावराने पोत्यात तोंड घालून गहू खाल्ला तरी हाच प्रकार होतो. शेळ्यामेंढ्यांना तर थोडेसेही पुरते.

अशी गाय वैरण सोडते, रवंथ बंद करते, दात खाते. पोट जड होते, हलवले तर आत पाणी डुचमळते. शेण पातळ होते आणि त्याला आंबूस वास येतो. पुढे ती झोकांड्या देते, डोळे खोल जातात आणि ती बसते. उपचार झाला नाही तर एक ते तीन दिवसांत मरते. पुष्कळजण ही साधी पोटफुगी समजून तेल पाजतात. तेलाने फेसाची पोटफुगी उतरते, आम्ल उतरत नाही. बसलेल्या जनावराला जबरदस्तीने काही पाजले तर ते फुफ्फुसात जाण्याची भीती असते, तेव्हा तेही करू नये. भात पुढून काढा, सुका पेंढा ठेवा आणि लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांना बोलवा. काय खाल्ले, किती आणि केव्हा, हे त्यांना खरे सांगा. आम्ल मारण्यासाठी खाण्याचा सोडा देतात, पण त्याचे माप जनावराच्या वजनावर आणि अवस्थेवर असते. ते डॉक्टरांनीच ठरवावे.

उरलेल्या अन्नातले मूठ-दोन मूठ रोजच्या आंबोणात गेले तर बिघडत नाही. थोडे कोंबड्यांना घालावे. बाकीचे खताच्या खड्ड्यात टाकून वर पालापाचोळा आणि मोकाट गुरांनी उकरू नये इतकी माती ओढावी. मंडपामागे, कुंपणाच्या कडेला ते ओतून ठेवू नये, कारण तेथे पहाटे शेजाऱ्याची म्हैस येते.